काहिलीवरचा अँटेना

निपाणीला बंदर नाही आणि समुद्र तर घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. तरीही आमचे शेजारी शंकरअण्णा गेली कित्येक वर्षं एकाच काळजीत आहेत: बोटीवर अँटेना कुठला लावावा?

अण्णांना हौशी रेडिओचा, म्हणजे बिनतारी यंत्रावरून लांबच्या लोकांशी बोलायचा, नाद आहे. सरकारी परीक्षा देऊन, रीतसर लायसन काढून केलेला नाद. उद्यमबागेतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. अण्णांनी एका बंद पडलेल्या गुऱ्हाळावरून गूळ कढवायची लोखंडी काहील आणली, तिची भोकं बुजवली आणि वेदगंगेत सोडली. आमच्याकडे पाणी ओलांडायला काहील वापरतातच, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्यात उभ्या केलेल्या काठीचं.

"फायबरच्या बोटीला हे जमायचं न्हाय," अण्णा समजावतात. "उभ्या अँटेनाला खाली पसरट धातू लागतोय. हितं आख्खी काहीलच लोखंडाची. ह्यात शास्त्र हाय."

या शास्त्रापायी आमच्या घरातली पडद्याची दांडी आणि एका बऱ्यापैकी छत्रीच्या काड्या गेल्या. भांड्यांच्या दुकानात अण्णा झारा हातात घेऊन त्याची लांबी बघत उभे राहतात. शिवाय लोकांच्या आवाजाला पाचपैकी गुण द्यायची खोड. रेडिओवर तशी पद्धत असते म्हणे. आमच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्या संपल्या ते भटजींना सांगून आले, "पाचात तीन. शेवटाला खरखर लई झाली." भटजींनी दक्षिणा कमी पडली की काय अशा नजरेने आमच्याकडे पाहिलं.

पण खरी गंमत झाली ती काट्यांच्या अँटेनाची. पूर्वी टीव्हीसाठी घरोघरी छपरावर असायचा ना, साधारण तसला. तो ज्या दिशेला धरावा तिकडे आवाज लांब जातो. अण्णांनी तो मोठ्या हौसेने काहिलीत बसवला, चिकोडीच्या दिशेला रोखला आणि तिथल्या आपल्या रेडिओवाल्या मित्राशी बोलायला सुरुवात केली. काहील पडली गोल. पाण्यावर ती एका जागी कशाला राहतेय? ती लागली गरगर फिरायला. अँटेनाचं तोंड घटकेत चिकोडीला, घटकेत कोल्हापूरला. मित्राच्या कानावर अण्णांचे शब्द तुकड्या-तुकड्याने पडले. "मी नदी... बुड... काळजी..." एवढं ऐकून तो बिचारा रिक्षा करून नदीवर हजर झाला. अण्णा मजेत शेंगा खात बसले होते.

तेव्हापासून उभा अँटेना कायम झाला. "काहील कशी बी फिरू दे, ह्याला तोंडच न्हाय. चौकडं सारखाच बोलतोय," अण्णा म्हणाले. गल्लीला वाटलं, सुटलो. पण मग त्याची लांबी बोटभर कमी-जास्त करणं सुरू झालं, ते अजून चालू आहे.

या सगळ्याला मीही पोटभर हसलेली आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र नदी शेतांवर चढली आणि माझ्या माहेरच्या गावाला पाण्याचा वेढा पडला. आई तिथे एकटी. आधी वीज गेली, मग फोन गेले. आमचे हे कचेरीत जाऊन "सगळे सुखरूप आहेत" एवढं ऐकून आले. त्या सगळ्यांत आई आहे का, हे कोण सांगणार? मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

सकाळी अण्णा दारात आले. "सुनंदा, माझ्या घरात येऊन बस. मी जातोय तिकडं. चिकोडीचा गडी पोराकडं गेलाय, ऐकाय माणूस पायजे."

"मला त्यातलं काय कळतंय, अण्णा?"

"नुसतं ऐक. बोलायच्या बटणाला हात लावू नको, लायसन न्हाय तुला."

ते टेम्पोत काहील घालून गेले. गावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी शेतांवरच्या संथ पाण्यातून ती दोन्ही बाजूंनी धरून नेली, हे मला नंतर कळलं. मी त्यांच्या बॅटरीवरच्या रेडिओसमोर देव आठवत बसले होते. दुपारी खरखर एकदम थांबली.

"घर, ऐका. म्हातारी बरी हाय. वरच्या आळीत मास्तरांच्या माडीवर हाय. औषध हाय जवळ. म्हस बी बरी हाय. म्हणत्या, सुनंदाला सांगा, रडत बसू नको, जेव. म्हातारी हितंच उभी हाय, त्यामुळं जसंच्या तसं सांगतोय."

मला तिथेच रडू फुटलं, आणि उत्तर द्यायची सोय नव्हती.

संध्याकाळी अण्णा कमरेपर्यंत भिजून परत आले. मी त्यांच्या पाया पडले. हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं काहीतरी बोलत होते. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"म्हणून दाखव."

मी म्हशीसकट सगळं म्हणून दाखवलं. अण्णा पायरीवर बसले आणि ओल्या धोतराचा सोगा पिळू लागले.

"तुमी ह्या गल्लीत यायच्या आदी तुझी काकू बसायची हितं," ते म्हणाले. "मी नदीवर, ती घरात. ती गेल्यावर बी मी जातोय आणि घराला हाक मारतोय. लोकांस्नी वाटतंय, अँटेना तपासतोय. आज घरात कोणतरी हुतं."

आता मी त्या लायसनच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. तोवर बटणाला हात लावायचा नाही, हा नियम आहेच. पण सुट्टीच्या दिवशी अण्णा नदीवर निघाले की त्यांच्या घरात जाऊन बसते.

"घर, ऐका," अण्णांचा आवाज येतो. "पाणी उतरलंय. पल्याड बगळे लई आल्यात. बाकी काय न्हाय. चहा टाक, येतोय."

मी उठून आधण ठेवते.