सोपानरावांचा कागद

मी आयुष्यात कधी कुणाचा हेवा केला नाही. म्हणजे गेल्या मंगळवारपर्यंत. मंगळवारी आमचे बालमित्र सोपानराव निगडीच्या डॉक्टरांकडून कागद घेऊन आले. त्यांना एडीएचडी निघाला, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा जन्मजात आजार. वय चौसष्ट.

आकुर्डीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तेव्हा हे प्रकरण त्यांच्या पायांत होतं. मास्तर बाकावर उभं करायचे, हे तिथूनही पळायचे. चाकणच्या कंपनीत लागल्यावर ते डोक्यात चढलं. अर्धा चहा टाकून मशीनवर, अर्धं काम टाकून चहाला. आता निवृत्तीत ते किल्ल्या, चष्मा आणि गॅसवरच्या दुधात राहतं. "वयाप्रमाणे रूप बदलतं," डॉक्टर म्हणाले म्हणे.

कागद आला आणि सगळे गुन्हे माफ झाले. पातेलं करपलं तरी त्यांच्या सौ. पूनमवहिनी म्हणतात, "असू द्या हो, त्यांचा काय दोष?"

इकडे मी चाळीस वर्षांत एकदाच लग्नाचा वाढदिवस विसरलो, तर आमच्या अंबुबाई सहा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा मला भिंतीला सांगावं लागत होतं.

मी ठरवलं, आपल्यालाही कागद पाहिजे.

डॉक्टरांनी शाळेचं प्रगतिपुस्तक आणि लहानपण पाहिलेला माणूस आणायला सांगितलं. मी फाइल केली. इयत्तेप्रमाणे, रंगीत चिठ्ठ्या लावून. चाळीस मिनिटं आधी पोहोचलो. साक्षीदार सोपानराव तासभर उशिरा आले, दोन पायांत दोन जातीच्या चपला.

"ही फाइल तुम्ही लावली?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. झेरॉक्सही आहे. लग्नाचा वाढदिवस विसरलो, तेही त्यात लिहिलंय, तारखेसकट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सोपानरावांकडे पाहिलं. "हे लहानपणी कसे होते?"

मी सोपानरावांना डोळ्यांनी खुणावलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते, टेबलावरचा पंखा खोलत होते.

"ह्यो? लई शांत, डॉक्टर. मला छड्या बसायच्या, तवा माझं सांडलेलं दप्तर ह्योच भरायचा. अजून माझ्या किल्ल्या ह्योच हुडकतो."

"काका, तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टर मला म्हणाले. "तुम्ही नुसते विसरलात. बायकोची माफी मागा."

इतका अपमान माझा कुठल्याच निदानानं झाला नसता.

बाहेर आल्यावर मी लाज सोडली. "सोपान, तुझा कागद एक दिवस दे. अंबुबाईंना नुसता लांबून दाखवतो."

"ने की राव, तुला न्हाई म्हनतोय व्हय?" सोपानराव खिसे चाचपत म्हणाले. "फकस्त तेवढा हुडकून दे. तीन दिस झालं, घावंना."