गोळी जास्त, जिलेबी माफ

मुलांनो, एका जंगलात ऊस पिकत नव्हता, तरी साखरेचा आजार मात्र भरघोस होता. एकमेकांच्या वेण्या ओढू नका, म्हणजे सांगतो.

त्या जंगलात झिपरूअण्णा नावाचं अस्वल राहायचं. अण्णांना मधुमेह होता. डॉक्टर बगळ्यांनी रोज सकाळी एक गोळी आणि तिच्यासोबत नीट न्याहारी सांगितली होती. मध अर्थातच बंद. अण्णांची बायको केसरबाई इतकी कडक, की अण्णा बाहेरून आले की आधी त्यांचं बोट हुंगून पाही.

एकदा सिंहमहाराजांची एकसष्टी आली. सगळ्या जंगलाला जेवण. पक्वान्न जिलेबी!

त्या सकाळी अण्णांनी न्याहारीला फाटा दिला आणि एकीऐवजी तीन गोळ्या गिळल्या.

“अहो, हे काय करताय?” केसरबाई ओरडली.

“जिलेबीची सोय. गोळी जास्त, जिलेबी माफ!”

“डॉक्टरांना विचारलंत?”

“त्यांना काय विचारायचं? बगळा मासे खातो. त्याला जिलेबीतलं काय कळतं!”

दोघं मंडपात पोचली. तळणीचा वास सुटला होता. पण आधी सत्कार होते. कोल्ह्यानं प्रास्ताविक केलं. माकडांनी मानपत्र वाचलं, मधली पानं चुकली म्हणून पुन्हा वाचलं. मग महाराज उठले.

“मी दोनच शब्द बोलणार आहे,” ते म्हणाले.

मुलांनो, मोठी माणसं असं म्हणाली की आपण गुपचूप डबा उघडून खाऊन घ्यावं.

महाराज आधी बालपणावर बोलले. मग आईच्या बालपणावर. ते पहिल्या शिकारीपर्यंत आले, तेव्हा अण्णांना दरदरून घाम फुटला. हातपाय लटलटू लागले. त्यांना एकाचे दोन महाराज दिसायला लागले, आणि दोघेही बोलत होते.

“पाहा!” महाराजांनी अण्णांकडे पंजा दाखवला. “माझे कष्ट ऐकून अस्वलसुद्धा कापतंय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातच अण्णा खुर्चीवरून घसरले.

केसरबाईनं हंबरडा फोडला. डॉक्टर बगळे धावत आले. तिनं घाईघाईनं गोळ्यांचं सांगितलं.

“साखर द्या! लवकर!” डॉक्टर म्हणाले.

“साखर? यांना?”

“रक्तातली साखर पार उतरलीय, बाई! गोळ्या तीन आणि पोट रिकामं. उशीर केलात तर जीव जाईल.”

केसरबाई आचाऱ्याकडे धावली आणि वाटीभर पाक घेऊन आली. अण्णांना जेमतेम शुद्ध होती. डॉक्टरांनी त्यांना टेकवून बसवलं. ती एकेक घोट पाजत होती आणि रडत होती. महाराज अजून बोलतच होते. मला त्या बाईची फार दया येते.

थोड्या वेळानं अण्णांनी डोळे उघडले.

“केसर, तू होतीस म्हणून वाचलो.”

तिला भरून आलं. “बरं वाटतंय ना हो?”

“वाटतंय. थोडा पाक उरलाय का?”

डॉक्टर भडकले. “अण्णा, आपल्या मनानं डोस वाढवायचा नसतो. जिलेबी त्यानं माफ होत नाही, जीव मात्र जाऊ शकतो. चूक कळली का?”

“कळली, डॉक्टर,” अण्णांनी मान खाली घातली. “माझंच चुकलं. गोळ्या भाषण संपल्यावर घ्यायला हव्या होत्या.”

तात्पर्य : औषध किती घ्यावं, हे डॉक्टरांना विचारण्याची मुळीच गरज नाही. जेवणाआधी कोण कोण बोलणार आहे, तेवढं यजमानांना विचारावं.