लॅपटॉपचा निरोप समारंभ

वैजयंती लाड यांच्या लॅपटॉपला कुठलंच वायफाय लागत नव्हतं, कारण आधीच्या कार्यालयानं त्याचा निरोप समारंभ केला नव्हता.

हे निदान दुरुस्तीवाल्या शौकतभाईंचं. त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला, स्वतःच्या मोबाइलचं नेट देऊन पाहिलं. गल्लीतली सगळी नेटवर्कं यादीत दिसत होती. लॅपटॉप प्रत्येकाच्या दारापर्यंत जाई आणि मागे फिरे.

"जुना घेतलाय न्हवं? कुठनं?"

"सूतगिरणीच्या ऑफिसातून. लिलावात."

"मग बरोबर हाय. तिथल्या नेटवर्कनं मोकळं केल्याबिगर दुसरीकडं रुजू कसा व्हणार त्यो?"

वैजयंतीबाईंना हे लगेच पटलं. पण पाच वाजता कॉलेजच्या लेखापालपदाची ऑनलाइन मुलाखत होती, आणि सूतगिरणीची पायरी चढायची नाही असं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. कितीतरी वर्षं त्यांनी तिथे हिशेब सांभाळले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून नोकरी सोडली, तेव्हा 'या बरं' म्हणायलासुद्धा कुणी मान वर केली नाही. त्यानंतर त्या कुठेच टिकल्या नाहीत. तरी गिरणीनं जुनं सामान काढलं तेव्हा आपल्याच टेबलावरचा लॅपटॉप त्यांनी शेजाऱ्यांकरवी घेतला. जीव अडकला होता त्यात, दुसरं काय! ही नोकरी हुकली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं मनाशी ठरवून त्या शौकतभाईंसोबत गिरणीत गेल्या.

हेडक्लार्क खराडे चहा पीत होते. "लिलावातल्या मालाला निरोप द्यायची आपल्याकडे पद्धत नाही."

"मग त्यो तुमच्याच पटावर हाय अजून," शौकतभाई म्हणाले.

"पटावर? अहो, ऑडिटला काय सांगू?" खराड्यांनी कप ठेवला आणि शिपायाला शाल आणायला पिटाळलं.

लॅपटॉपला खुर्चीत बसवून शाल पांघरली. खराडे दोन शब्द बोलले. पाण्याच्या कूलरवरच्या राउटरनंही मनोगत मांडलं. तो मध्येमध्ये तुटत होता, पण जमलेल्यांचे डोळे पाणावले. मग सत्काराला उत्तर म्हणून लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'या टेबलावरच्या लाडबाईंचा निरोप राहिला आहे. सेवाज्येष्ठतेनुसार आधी त्यांचा. तोवर मला शाल घेता येणार नाही.'

हरकत काढायला जागाच नव्हती. खराड्यांनी शाल उचलली आणि वैजयंतीबाईंच्या खांद्यावर घातली.

"बाई, तुम्ही गेलात त्या दिवशी मी बघितलं होतं," ते म्हणाले. "बघून मान खाली घातली. चुकलंच माझं. तुमच्यासारखं काम इथे पुन्हा कुणी केलं नाही."

वैजयंतीबाई सगळ्यांदेखत रडल्या आणि त्यांना फार बरं वाटलं. शाल एकच होती, म्हणून लॅपटॉपचा सत्कार टॉवेल-टोपीवर भागवला. त्याची तक्रार नव्हती. टोपी बसताक्षणी त्याला वायफाय लागलं, तेही पूर्ण.

पाच वाजायला आले होते. खराड्यांनी जुनं टेबल स्वतःच्या रुमालानं पुसून दिलं आणि शिपायाला पंखा हळू करायला सांगितलं. पडद्यावर कॉलेजच्या प्राचार्या दिसल्या.

"लाडबाई, पहिला प्रश्न. आधीच्या ठिकाणी निरोप झाला आहे ना? नसेल तर आम्हाला पुढे जाता येत नाही."

वैजयंतीबाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"झालाय मॅडम. अगदी थाटात."

"मग रुजू कधी होता?"