राणीच्या महालातला पडदा

सिनेमातली राणी आपण विणलेलंच नेसणार, हे देवरावानं नागपूरच्या सक्करदऱ्यात इतक्या ठामपणे सांगून ठेवलं होतं, की गल्लीतल्या बायका तिला नात्यातलीच समजू लागल्या होत्या. करवती काठ राणीला शोभेल की नाही, असं कोणी विचारलं, तर देवराव म्हणायचा, काठाची काळजी नको, राणी काठाला शोभली म्हणजे झालं.

बढाईला आधार होता. गांधीबागेतल्या ताराचंदशेठनं त्याच्याकडून टसरचं एक लांबलचक कापड विणून घेतलं होतं. पांढुरकं अंग आणि दोन्ही कडांना तांबडा करवती काठ. मुंबईची एक कंपनी सम्राटाच्या दरबाराचा रंगीत सिनेमा काढते आहे, त्यातल्या राणीसाठी पाहिजे, असं शेठ म्हणाला होता. राणीसाठी म्हणजे राणीच्या अंगासाठी, ही भर देवरावाची स्वतःची.

करवती काठ एकट्यानं होत नाही. मधल्या कापडाचा आडवा धागा नेणारा एक धोटा आणि दोन काठांचे दोन. डावा काठ देवरावाकडं होता. उजव्या बाजूला त्याची बायको कौसल्या बसायची. काठाचे दात कसे करवतीसारखे एकाखाली एक उतरले पाहिजेत, आणि तसे ते उतरलेही. फक्त शेठच्या गादीवर घडी घालताना दोघांना एकदमच दिसलं, की एका जागी एक दात गळला आहे. देवरावानं झटकन घडी मोडून तो झाकला. शेठच्या लक्षात आलं नाही. गांधीबागेपासून घरापर्यंत मात्र नवराबायकोत एकच विषय होता. तो म्हणे, दात तुझ्या बाजूचा. ती म्हणे, तुमच्या. कापड तर गेलं होतं, निकाल लागणार कसा? पुढं भाजीत मीठ जास्त झालं तरी देवराव म्हणायचा, हिचं हे असंच, काठातही असंच. आणि कौसल्या शांतपणे म्हणायची, ‘मीठ माह्यं. दात तुमचा.’

पुढच्या आषाढात कौसल्या तापाचं निमित्त होऊन गेली. भांडण तसंच राहिलं.

सिनेमा नागपुरात लागला तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्याच आठवड्यात अर्धी गल्ली देवरावाच्या मागं थिएटरात शिरली. सिनेमाची गोष्ट अशी होती, की सम्राट लढाईवर जातो आणि इकडं राणीचं सेनापतीवर मन जडतं. पण कोष्ट्यांच्या त्या रांगेला गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. राणी रडली की ही मंडळी पदर न्याहाळायची. राणी बेशुद्ध पडली तेव्हा निऱ्या पसरल्या आणि रांगेतून दबका निकाल आला, की हे मशीनचं आहे. सम्राटाला विषाचा पेला दिला जात होता आणि देवरावाचा शेजारी पेला आणणाऱ्या दासीच्या किनारीत काय भेसळ आहे ते सांगत होता. राणीनं किती कपडे बदलले याला सुमार नव्हता. देवरावाचं कापड काही येईना.

मग तो प्रसंग आला. वादळी रात्र, महालात राणी एकटी, आणि दारातून सेनापती आत येतो. दोघं एकमेकांकडं पाहतात. बायकांनी पदर डोळ्यांवर ओढले, पुरुषांनी माना खाली घातल्या. घरंदाज माणसांनी अशा वेळी काय करायचं हे गल्लीत कोणालाच शिकवावं लागत नव्हतं. पलंगासमोर वरून एक पडदा उतरला आणि त्यानं सगळं झाकलं. पुढच्या बाकांवरची पोरं शिट्ट्या मारू लागली, कारण आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

देवराव मात्र उठून उभा राहिला. समोर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्याचं टसर लोंबत होतं. एकेक दात पेरूएवढा.

बाहेर आल्यावर त्यानं सगळ्यांना विचारलं, पडदा पाहिला ना? कोणीच पाहिला नव्हता. कसा पाहणार, माना खाली होत्या. शेजारची जनाबाई तर म्हणाली, ‘कोनता पडदा गा? मी त जमिनीकडं पाहून राहिली होती.’ गल्लीनं घरी जाईपर्यंत ठरवून टाकलं, की राणीचं लुगडं ही देवरावाची थाप होती, आणि पडदा ही त्या थापेवरची दुसरी थाप.

देवराव पुन्हा गेला. मग पुन्हा गेला. डोळे अधू झाले होते, म्हणून तो आता स्वस्तातलं, अगदी पुढचं तिकीट काढू लागला. तिथं वात्रट पोरांशिवाय कोणी बसत नसे. सिनेमा निम्मा झाल्यावर तो आत जायचा, महालातल्या प्रसंगाला मान उंचावून बसायचा, आणि पडदा वर गेला की लगेच उठून घरी यायचा. पुढं सम्राट परत येतो, न्याय होतो, राणी पस्तावते. तो सगळा बोधाचा भाग देवरावानं पहिल्या दिवसानंतर एकदाही पाहिला नाही. डोअरकीपरसुद्धा त्याला लांबून पाहिलं की म्हणू लागला, या बाबाजी, अजून वेळ आहे, सेनापती आत्ताच घोड्यावर बसला.

याचा अर्थ जगानं जो काढायचा तो काढला. बायको गेली आणि म्हातारा बिघडला. प्रेमिला, त्याची मुलगी, नळावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. तिनं बापाला एकदाच विचारलं, आणि देवराव म्हणाला, ‘मी काठ पाहतो. बाकी काही नाही.’ प्रेमिलानं मान हलवली. तिचा विश्वास बसला. अडचण एवढीच, की लग्न तिच्या विश्वासावर ठरणार नव्हतं.

तिची सोयरीक उमरेडला जमत आली होती. मुलगा केशव शाळेत मास्तर. त्याचे वडील ईश्वरदास पूर्वी चांगले विणकर होते, पण माग विकून खाणीच्या कचेरीत लागले आणि तेव्हापासून भजनी मंडळाचे प्रमुख झाले होते. सिनेमाच्या जाहिरातीवर त्यांची सावली पडली तरी ते हातपाय धुवायचे, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. नागपूरची बातमी उमरेडला पोचली आणि एका रविवारी ईश्वरदास आणि त्यांची बायको अनुसयाबाई दारात उभे राहिले. चहाला हात न लावता ईश्वरदासांनी सांगितलं, की मुलगी चांगली आहे, पण तिच्या बापाबद्दल जे कानावर येतं ते खरं असेल तर हे नातं होणार नाही.

देवरावानं नाकारलं काहीच नाही. जातो म्हणाला. रोज जातो म्हणाला. काठ पाहतो म्हणाला.

‘काठ?’ ईश्वरदासांनी विचारलं.

‘चला न तुम्ही. आपल्या डोळ्यानं पाहा.’

प्रेमिलाला वाटलं, संपलं. पण ईश्वरदासांनी बराच विचार केला, आणि चौकशीसाठी गेलं तर ते पाहणं होत नाही, असं बायकोला समजावून ते निघाले. थिएटरात मधल्या रांगेत चौघं बसले. ईश्वरदासांनी उपरणं मांडीवर तयार ठेवलं होतं. सम्राट लढाईवर गेला तेव्हा त्यांनी मांडी सावरली. वादळ सुटलं, वीज चमकली, सेनापती दारात आला, आणि देवरावानं व्याह्याच्या गुडघ्यावर थोपटून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘आता पाहा. हेच ते.’

मागं कोणीतरी फिसकन हसलं. ईश्वरदासांनी उपरणं तोंडावर ओढलं, अनुसयाबाईंनी पदर. प्रेमिलानं मान इतकी खाली घातली की तिला फक्त स्वतःच्या चपला दिसत होत्या. वर शिट्ट्या चालल्या होत्या. त्या थांबल्या तसा देवराव आशेनं वळला. पाहिलं? व्याह्यांनी उपरण्याची घडी करत सांगितलं, की असली दृश्यं आम्ही पाहत नाही.

सगळे घरी आले. अनुसयाबाई सतरंजीच्या कडेवर बसल्या, म्हणजे उठायला सोपं. प्रेमिलानं चहा ठेवला. आता तो पिऊन होईपर्यंतच काय ते स्थळ होतं.

देवरावालाही ते कळलं असावं. कारण त्यानं आजवर कोणालाच न सांगितलेलं सांगायला घेतलं. गांधीबागेतली गादी सांगितली, घडी सांगितली, भांडण सांगितलं. कौसल्या कुठं बसायची ते कोपऱ्यातल्या मागाकडं बोट करून दाखवलं. सांगताना त्याचा आवाज कुठं हलला नाही. जणू दुसऱ्या कोणाचा तंटा तो पंचांपुढं मांडत होता. शेवटी म्हणाला, ‘ती उजवीकडं बसे. पडद्याचा दातबी उजवीकडंच गळला हाये. म्हंजे चूक तिची. मी म्हनत होतो तेच खरं.’

‘नाही,’ ईश्वरदास म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. पण त्यांच्यातला विणकर जागा झाला होता, आणि भजनी मंडळाच्या प्रमुखाला त्याला आवरायला वेळ मिळाला नाही.

‘उजवीकडं कसा? पडदा उलटा टांगला होता त्यायनं, मागची बाजू पुढं. काठाच्या धाग्याचे सांधे सारे वर दिसत होते. उलट्या बाजूनं उजवा तो सुलट्या बाजूनं डावा. दात तुमचा गळला, देवराव. बाईची काही चूक नाही. चार बोटं खाली तुमचा धोटा आनखी एकदा ढिला पडला हाये, तेबी पाहून घ्या.’

 अनुसयाबाईंनी सावकाश मान वळवली.

‘तुमच्या तोंडावर त उपरनं होतं न?’

ईश्वरदासांनी कप उचलला. पहिल्यांदाच उचलला. एक घोट घेतला, दुसरा घेतला, कपाच्या तळाशी काही शोधलं, आणि मग म्हणाले, ‘मी काठ पाहिला. बाकी काही नाही.’

यानंतर लग्न पक्कं करण्याच्या कुंकवाची तारीख काढण्यापलीकडं त्यांच्या हातात काही राहिलं नाही. ती अनुसयाबाईंनीच काढली, आणि उमरेडच्या एसटीला जाताना त्या नवऱ्याच्या दोन पावलं पुढं चालत होत्या.

पाहुणे गेल्यावर प्रेमिलानं कपबशा गोळा केल्या. देवराव मागाजवळ बसला होता. उजव्या बाजूला, जिथं तो कधी बसत नसे. इतके दिवस घातलेल्या वादात हरल्याचं त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. तिला शंका आली.

‘बाबा, पडदा उलटा हाये, हे तुमाले दिसलं नव्हतं?’

‘दिसलं होतं न.’

‘कधी?’

‘पहिल्याच दिवशी.’

‘मग रोज काहून जात होते?’

देवराव जरा ओशाळला. मागावर धूळ नव्हती, तरी त्यानं ती पंच्यानं पुसली.

‘म्हटलं, एखाद्या खेळाले सुलटा टांगतीन. तिचा काठ तिच्या जागी दिसन.’