हजेरी क्रमांक चार

दिनांक एकवीस एप्रिल, सोमवार, दुपारी साडेबारा वाजता, पुणे शहरी, कर्वेनगर भागातील एका मराठी प्राथमिक शाळेच्या शिक्षकखोलीत वर्षअखेरची सभा भरली. पाच शिक्षकांपैकी पाच हजर होते. पंखा फिरत होता. वारा मात्र देत नव्हता. सभेपुढे विषय दोनच होते. पुढच्या वर्षी चौथीचा वर्ग कोण घेणार, हा पहिला. आणि थकल्याभागल्या शिक्षकांना उमेद कशी द्यावी, हा दुसरा.

पहिला विषय निघताच सर्वांनी एकदम पंख्याकडे पाहिले.

चौथीचा वर्ग गेली तेवीस वर्षे शरच्चंद्र टेंभेकर सरांकडे होता आणि टेंभेकर सर एकतीस मे रोजी निवृत्त होणार होते. चौथीला कोणी उभे राहिले नाही तर तो वर्ग तिसरीला जोडून टाकू, असे संस्थेचे पत्र आले होते. तिसरी सांभाळणारे उत्तरेश्वर सर ते पत्र ऐकल्यापासून पाणी जास्त पीत होते.

“दीपालीबाई, तुमचं काय?” मुख्याध्यापिका देवस्थळी बाईंनी विचारले.

दुसरीच्या दीपाली रणपिसे बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “एक मेला सांगते, बाई. निकाल लागला की.”

त्या काय सांगणार हे सर्वांना ठाऊक होते. खराडीतल्या एका कंपनीने मुलांना घरबसल्या पाढे शिकवणारे ॲप काढले होते आणि तिथे त्यांना बोलावणे होते. राजीनाम्याचे पत्र आठवडाभर त्यांच्या पर्समध्ये फिरत होते. टेंभेकर सरांना हे फार लागले होते. कारण बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या बाकावर बसणारी, ‘माझी शाळा’ हा निबंध सरांच्या लाल शाईतल्या ‘पुन्हा लिहा’ या शेऱ्यापायी चार वेळा लिहिणारी, आणि चौथ्यांदा तो असा लिहिणारी की सरांनी तो शिक्षकखोलीत मोठ्याने वाचून दाखवावा, ती मुलगी हीच. वर्ग द्यायचा तर हिला, असे त्यांनी मनात केव्हाच ठरवले होते. तिला तेवढे सांगायचे राहून गेले होते.

“बरं, उमेदीचं काय करायचं?” देवस्थळी बाई म्हणाल्या. “वर्षभर निवडणुकीचं काम झालं, सर्वेक्षण झालं, ऑनलाइन माहिती तीन वेळा भरून चार वेळा उडाली. काहीतरी करू या.”

“मिसळ,” उत्तरेश्वर सर म्हणाले.

“खडकवासल्याला जाऊ. भजी खाऊ,” पहिलीच्या इंदुबाई म्हणाल्या.

टेंभेकर सरांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसू लागले की शिक्षकखोलीत लोक घड्याळाकडे पाहत.

“भज्यांनी येते ती उमेद नव्हे, तहान होय!” ते म्हणाले. “आपण सर्वांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी लिहिल्या. आपली नोंद कोणी लिहिली? एकानेही नाही! ती मी लिहीन. मुलांसारखीच, त्याच छापील कागदावर, त्याच निळ्या प्रगतिपुस्तकात. तेहतीस वर्षे लिहितो आहे. माझी एकही नोंद आजवर कोणा पालकाने चूक म्हणून परत आणलेली नाही!”

“वाचली तर आणतील ना,” देवस्थळी बाई म्हणाल्या. आणि सभा संपली.

आता सरांच्या दोन सवयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिली अशी की, ते नऊ वर्षांच्या पोरालाही ‘आपण’ म्हणत. “अहो शौनक, आपण बाकावर उभे का आहात?” असे विचारल्यावर शौनकला खाली बसण्यावाचून गत्यंतर उरत नसे. नोंदीतही तोच आदर. दुसरी सवय अशी की, नोंदीच्या कागदावर ते नाव कधीच लिहीत नसत; फक्त हजेरी क्रमांक. नाव दिसले की मन झुकते, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्यावर त्यांनी तीन मुख्याध्यापकांशी वाद घातला होता. नाव असे ते पुस्तकाच्या निळ्या पुठ्ठ्यावर. कागद लिहून झाले की पोपटराव शिपाई क्रमांक पाहून ते आत खळीने चिकटवीत.

याच शिस्तीने सरांनी सहकाऱ्यांनाही सेवाज्येष्ठतेने क्रमांक दिले. एक देवस्थळी बाई, दोन इंदुबाई, तीन उत्तरेश्वर, चार दीपाली. स्वतःची नोंद स्वतः लिहिणे त्यांना अशिष्ट वाटले.

पहिल्या तीन नोंदी दोन सकाळींत झाल्या. चौथी काही केल्या होईना. पहाटे उठावे, दौत उघडावी, तर हात नोंदीकडे न वळता जुन्या आठवणींकडे वळे. पिंपावरचा साखळीने बांधलेला पेला. पहिल्या दिवशी कोऱ्या पुस्तकांना येणारा वास. एक मेला पास झालेली मुले कागदाच्या पुडीत पेढे आणीत आणि पेढ्यावर पुडीची शाई उमटलेली असे, तरी तो खावा लागे. तेव्हा एकेका इयत्तेच्या चार चार तुकड्या होत्या. आता उरली ती एकेक. अकरा कच्चे खर्डे झाल्यावर बाराव्यांदा नोंद मनासारखी उतरली. विशेष प्रगतीच्या रकान्यात एकच वाक्य होते; पण ते वाक्य नव्हते, ती लकडी पुलावरची गणपतीची मिरवणूक होती! शेवट कधी येणार हे सुरुवातीला उभ्या असलेल्याला कळू नये. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात मात्र त्यांनी थोडक्यात मुद्द्याचे लिहिले. रकाना रिकामा सोडणे त्यांना कामचुकारपणा वाटे.

तीस तारखेला त्यांनी दोन गठ्ठे पोपटरावांच्या हवाली केले.

“वरचा गठ्ठा शिक्षकांचा, खालचा मुलांचा. क्रमांक पाहून चिकटवा.”

“चाळीस वर्षं चिकटवतोय, सर,” पोपटराव म्हणाले. चाळीस वर्षे चिकटवणारा मनुष्य आधी टेबल पुसतो. टेबल पुसायला त्यांनी गठ्ठे उचलले, पुसून झाल्यावर ठेवले, आणि खालचा वर आला. वरच्यातले एक ते चार शिक्षकांच्या पुठ्ठ्यांत गेले. मग पाचपासून चौतीसपर्यंत मुलांचे, आणि मागे राहिलेले एक ते चार मुलांच्या पहिल्या चार पुठ्ठ्यांत. पुठ्ठे संपले तेव्हा कागदही संपले. क्रमांक तर तंतोतंत जुळले! पोपटरावांनी समाधानाने खळीचा डबा धुतला.

एक मेला सकाळी झेंडावंदन झाले. निकाल वाटले गेले. पेढे कोणी आणले नाहीत. पालकांनी पुस्तकाचा फोटो काढला आणि ते निघून गेले. दहाच्या सुमारास शिक्षकखोलीत देवस्थळी बाईंच्या हस्ते चार निळी पुस्तके चौघांना देण्यात आली. टेंभेकर सर स्वतः लाजून बाहेर व्हरांड्यात थांबले. तेवढ्यात जिन्यावरून शौनकचे वडील वर आले.

“सर, एक शंका होती. आमचा शौनक निवडणुकीच्या कामाला कधी जातो?”

“काय म्हणता?”

“मी नाही, तुम्ही म्हणताय.” त्यांनी पुस्तक उघडले. “‘निवडणुकीच्या कामावरून परतल्यावर दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत, तिसऱ्या दिवशी मात्र आवरत नाहीत.’ आता हे खाली बघा, सुधारणा आवश्यक. ‘मिशीला कलप लावताना सदऱ्याची कॉलर सांभाळावी.’ सर, तो नऊ वर्षांचा आहे. आम्ही घरी त्याच्यावर लक्ष ठेवतो. पण मिशी आमच्या नजरेतून सुटली असेल तर माफ करा.”

टेंभेकर सरांच्या पायांखालचा व्हरांडा हलला. शौनक म्हणजे क्रमांक तीन. उत्तरेश्वर म्हणजे क्रमांक तीन. म्हणजे मुलांच्या नोंदी या क्षणी आत... ते तेहतीस वर्षांत प्रथमच शाळेच्या व्हरांड्यातून धावले.

दारात मात्र ते थबकले. आत कोणी हसत नव्हते, कोणी चिडलेही नव्हते.

“सर!” उत्तरेश्वर सर उठून उभे राहिले. “‘मधल्या सुट्टीत आधी इतरांचे डबे संपवतात, मग स्वतःचा.’ तुम्ही बघत होता होय? मला वाटायचं कुणाच्या ध्यानात नाही. जूनपासून मी डबा मोठा आणतो आणि मधे ठेवतो.”

इंदुबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. “‘फळ्यावरचे नीट दिसत नाही, दिसते असे सांगतात. डोळे तपासून घ्यावेत, भिऊ नये.’ सर, मी घरीसुद्धा बोलले नव्हते हो! मोतीबिंदू निघेल म्हणून वर्षभर अंदाजाने फळा वाचतेय.”

“माझं ऐका,” देवस्थळी बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. “‘राग आला की बाकाखाली जाऊन बसतात. कोणी बोलावू नये. थोड्या वेळाने आपणहून बाहेर येतात.’ बाकाखाली नाही, स्टोअररूममध्ये. बाकी बरोबर आहे.”

दीपालीबाई आपली नोंद दुसऱ्यांदा वाचत होत्या. पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडे होते आणि पर्स शेजारी बंद होती.

गप्प बसणे शक्य होते. गप्प बसले असते तर सर शहाणे ठरले असते! पण चुकीच्या क्रमांकाखाली बरोबर मजकूर खपवून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“थांबा! या नोंदी आपल्या नव्हेत,” ते म्हणाले. “मुलांच्या आहेत. कागदांची अदलाबदल झाली. उत्तरेश्वर, आपली नोंद शौनकच्या वडिलांकडे आहे.”

“काय लिहिलंय त्यात?”

“ते... नंतर पाहू.”

“कलपाबद्दल आहे,” दारातून शौनकचे वडील म्हणाले.

 उत्तरेश्वर सरांचा हात कॉलरकडे गेला. चहाचे कप घेऊन आलेले पोपटराव दाराआड गेले.

“मग माझी कुठे आहे, सर?” दीपालीबाईंनी प्रथमच तोंड उघडले.

क्रमांक चार म्हणजे राजनंदिनी. वर्षभरात जिचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता अशी मुलगी. आणि ती निकाल घेऊन आईबरोबर आजोळी वाईला निघाली होती. बारावा खर्डा स्वारगेटच्या वाटेवर होता! सर ते कसेबसे सांगत असतानाच देवस्थळी बाईंचा फोन वाजला. बाईंना फोन कानाला लावण्याची सवय नव्हती. त्या तो टेबलावर ठेवून स्पीकरवरच बोलत.

“बाई, राजनंदिनीची आई बोलतेय. स्टँडवर आहोत. अहो, आमची मुलगी कसला राजीनामा देतेय?”

“राजीनामा?” देवस्थळी बाईंनी हळूच दीपालीबाईंकडे पाहिले.

“पुस्तकात लिहिलंय ना! मला चष्म्याशिवाय दिसत नाही, थांबा, तीच वाचते. वाच गं.”

मागे गाड्यांचे भोंगे, सातारा-सातारा असा कंडक्टरचा पुकारा, आणि त्यातून एक बारीक आवाज आला. “विशेष प्रगती. ज्यांच्या ठायी... अध्या... अध्यापन... कौशल्याचा... आणि... वात्स... वात्सल्याचा... असा काही... मनोज्ञ...” आवाज थांबला. “बाई, श्वास कुठे घ्यायचा?”

टेंभेकर सर लाल शाईसारखे झाले. “राजनंदिनी, आपण ते सोडा. शेवटचा रकाना वाचा.”

“सुधारणा आवश्यक. राजीनामा देऊ नये. चौथीचा वर्ग यांच्यासाठीच तेवीस वर्षे सांभाळून ठेवला आहे.” मग ती म्हणाली, “पण सर, मी तर पाचवीत चालले ना?”

 दीपालीबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि फोनवर वाकल्या.

“राजनंदिनी, तुझी नोंद माझ्याकडे आलीये. ऐक. ‘शाळा सुटली तरी लवकर घरी जात नाहीत. खिडक्या लावतात, खडूचे तुकडे गोळा करतात. विचारले तर सहज थांबले म्हणतात. यांना शाळा आवडते, हे त्यांना स्वतःला अजून कळलेले नाही. सुधारणा आवश्यक: उत्तर येत असूनही हात वर करीत नाहीत.’”

“हो, बाई,” पलीकडून उत्तर आले. “खरंय.”

दीपालीबाई पुस्तकाकडे पाहत राहिल्या. गेल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर दुसरीच्या खिडक्या कोणी लावल्या, हे त्या खोलीत सर्वांना माहीत होते. खडूचे तुकडे ठेवायची बिस्किटांची डबी तर त्यांच्याच कपाटात होती.

देवस्थळी बाईंनी घसा खाकरला. “एकवीस तारखेचा पहिला विषय राहिलाय. पुढच्या वर्षी चौथी कोण घेणार?”

रीतीप्रमाणे सर्वांनी पंख्याकडे पाहिले. त्यामुळे हात वर गेलेला कोणालाच दिसला नाही. फक्त टेंभेकर सरांना दिसला, कारण ते पंख्याकडे पाहत नव्हते. दुसऱ्या बाकावरून जसा तो बावीस वर्षांपूर्वी वर जाई, कोपर वाकवून, अर्धाच, तसाच तो वर होता.

“सर, ही नोंद मी परत देणार नाही,” दीपालीबाई म्हणाल्या. “तिला दुसरी करून द्या.”

“अवश्य! आजच बसतो.” सरांनी चष्मा काढून पुसला, तशात त्यांना साहित्याचेही भान आले. फोन अजून चालू होता. ते पुढे झाले आणि शक्य तेवढ्या सहजपणे म्हणाले, “राजनंदिनी, ते पहिले वाक्य आपण पूर्ण वाचले नाहीत. गाडीत सावकाश वाचा. कसे वाटते ते मला...”

“वाचलं, सर. आत्ता मनात वाचलं,” वर्षभर हात वर न करणारी ती मुलगी भोंग्यांवर आवाज चढवून म्हणाली. “फार लांब आहे. पुन्हा लिहा.”