गुंडोपंत, मुत्सद्दी

बसवनगुडीतल्या मराठी मंडळाच्या सभागृहात सात खिळे ठोकून झाले होते आणि थोर मुत्सद्दी सहाच मिळाले होते. शहाजीराजे, पूर्णय्या, सर टी. माधवराव, विश्वेश्वरय्या असे एकेक जण तसबिरीत बसून भिंतीवर गेले; सातवा खिळा तेवढा उघडा राहिला. साल १९९४, उद्घाटन येत्या रविवारी. अध्यक्ष बसवंतराव म्हणाले, खिळा उपटला तर भोक दिसेल. तेव्हा विठ्ठलरावांनी घसा खाकरला आणि सांगितलं की त्यांच्या घराण्यातही एक मुत्सद्दी होऊन गेले.

विठ्ठलरावांनी चौतीस वर्षं कारकुनी केली होती. कुणी विचारलंच तर ते "सरकारी खात्यात" एवढंच म्हणून हवापाण्याकडे वळत. मात्र त्यांच्या कपाटात खापरपणजोबांचा एक मोडी कागद होता. मोडी घरात कुणालाच येत नव्हती, पण वडिलांनी मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: गुंडोपंत, मुत्सद्दी, दिवाण कचेरी. एवढ्या बळावर विठ्ठलराव आयुष्यभर ताठ चालत आले होते.

फलक, मसुदा पहिला: गुंडोपंत, मुत्सद्दी.

बसवंतरावांना हे फारच आखूड वाटलं. शेजारच्या तसबिरीखाली चार ओळी होत्या.

मसुदा दुसरा: थोर मुत्सद्दी गुंडोपंत, दिवाणांचे सल्लागार.

मसुदा तिसरा: थोर मुत्सद्दी गुंडोपंत. यांच्यावाचून दिवाणांचे पान हलत नसे.

तिसरा रंगवून झाल्यावर पेंटर नागराजनं चेहरा मागितला. फोटो कुठून असणार? "मुख पाहिजे सार्," नागराज म्हणाला. "नुसत्या पगडीला हार कोण घालणार?" शेवटी विठ्ठलरावच स्टुलावर बसले, डोक्याला बायकोचं रेशमी लुगडं गुंडाळून. भागीरथीबाई दारातून बघत होत्या.

"स्वल्प हसा तरी. थोर माणसं काय सदा रागावलेली असायची?"

नागराजनं मिशा दिल्या, शालजोडी दिली, हातात तलवारही दिली. मुत्सद्दी तलवार धरत नाहीत असं विठ्ठलरावांनी निक्षून सांगितल्यावर त्यानं तलवारीची लेखणी केली. चित्र असं भारदस्त झालं की सभासदांत कुजबुज सुरू झाली. मिशा झाकल्या तर हे विठ्ठलरावच आहेत, असं एकानं बोलून दाखवलं. एवढे थोर होते तर आजवर ऐकलं कसं नाही, असं दुसऱ्यानं विचारलं. बसवंतरावांनी तोडगा काढला: मूळ कागद उद्घाटनाच्या दिवशी जाहीर वाचायचा, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद. मोडी वाचणारे शेषगिरीराव जयनगरात होते, वय ऐंशी. विठ्ठलरावांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

रविवारी सभागृह भरलं. शेषगिरीरावांनी कागद आधी मनातल्या मनात वाचला. त्याला बराच वेळ लागला. मग ते विठ्ठलरावांकडे झुकून हळूच म्हणाले, "मोठ्यानं वाचू?"

"वाचा की. त्यासाठीच तर आणलाय."

"मुत्सद्दी म्हणजे त्या काळी कचेरीत लिहिणारा," शेषगिरीरावांनी सभेला सांगितलं. "कारकून."

विठ्ठलराव खालच्या फरश्या मोजल्यासारखे बघत राहिले. पहिल्या रांगेत कुणाची तरी बांगडी वाजली. भागीरथीबाई उभ्या राहिल्या होत्या.

"पुढं वाचा, अण्णा. कागद हातभर आहे, त्यात एकच शब्द नसणार."

शेषगिरीरावांनी वाचलं: "दिवाणसाहेबांनी होसहळ्ळीस तळे खोदण्याचा हुकूम दिला असता सदरहू मुत्सद्द्याने तो तीन वेळा माघारी पाठविला. विचारणा की, होसहळ्ळी कोणती? सबब यास सक्त ताकीद द्यावी."

होसहळ्ळी म्हणजे कानडीत नवं गाव. या मुलखात तालुक्यागणिक एखादी तरी होसहळ्ळी सापडतेच. मागच्या रांगेतला एक जण न राहवून म्हणाला, "बरोबरच विचारलं की. आमच्या तालुक्यातच चार आहेत." सभागृह हसलं, पण हे हसणं गुंडोपंतांच्या बाजूचं होतं. नागराजनं फलकाकडे बोट दाखवून म्हटलं की पान खरंच हललं नव्हतं, सार्.

तरीही बसवंतरावांनी, कार्यक्रम संपल्यावर तसबीर उतरवू, असं हळू आवाजात सुचवलं. विठ्ठलराव उठले आणि स्टुलावर चढले. ते स्वतःच चित्र उतरवणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी किंचित कललेली तसबीर सरळ केली आणि सभेकडे वळले.

"फलक बदला. कारकून लिहा, मोठ्या अक्षरांत." जरा थांबून ते म्हणाले, "मीही कारकूनच होतो. चौतीस वर्षांत मी एकच हुकूम परत पाठवला, आणि तोही साहेबांना विचारून."

फलक, शेवटचा: गुंडोपंत, कारकून. होसहळ्ळी कोणती, हे यांनी दिवाणांना तीन वेळा विचारले.

सोमवारी सकाळी बसवंतरावांच्या दारात दोन सभासद उभे होते. परवापर्यंत दोघांचेही पूर्वज दिवाणांच्या उजव्या हाताला बसत असत. भिंतीवर अजून जागा आहे का, असं पहिल्यानं विचारलं.

"खरं सांगायचं तर आमचे पणजोबा नुसते शिपाई होते, अण्णा. पण चिठ्ठीशिवाय आले म्हणून त्यांनी दिवाणांना दाराबाहेर थांबवलं होतं."

दुसऱ्यानं त्याला बाजूला सारलं. "आमचे आचारी होते. दिवाणांनी तिसरी पुरणाची होळिगे मागितली, तर सरळ नाही म्हणाले."