पुतळाची हाक

बायकोचा, म्हणजे पुतळाचा, घसा बसला तेव्हा (देवाशपथ सांगतो) मला आधी बरंच वाटलं. घरात एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच होती. पण पुतळाची मासळीची पाटी भरलेली होती, आणि नेरूळच्या सोसायटीतली तिची वीस वर्षांची गिऱ्हाइकं तिच्या हाकेवरच खाली उतरतात. एक दिवस हाक चुकली की लोक मोबाइलवर मासळी मागवणार आणि परत फिरकणार नाहीत, याचं तिला टेन्शन. मग मी पावणे एमआयडीसीतल्या माझ्या ऑफिसात रजा टाकली आणि म्हटलं, "मी जातो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की पाटीतले बोंबीलही ओशाळले असावेत.

पण तिची हाक मला पाठ होती. सोसायटीच्या गेटवर पाटी उतरवली, तिच्यासारखा कमरेवर हात ठेवला, आवाज बारीक केला आणि सूर लावला, "कोलबी घ्या गो, बोंबील घ्या..."

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि बंद झाली. वॉचमन जवळ आला. "काका, बरं वाटत नाय का? पाणी आणू?"

मी आणखी ठसक्यात ओरडलो. एक बाई पिशवी घेऊन आल्या. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ लिफ्टकडे वळल्या. तासाभरात एक बोंबील खपला नाही. बर्फ वितळायला लागला. बायकोची वीस वर्षं आपण एका सकाळी बुडवली, असं वाटलं.

शेवटी कमरेवरचा हात सोडला आणि गप्प उभा राहिलो. खाडीवरून ओहोटीचा ओला वास येत होता. वर एक ढग आमच्या सारसोळे गावाकडे निघाला होता, हळूहळू, रजेवर असल्यासारखा. मीही निघालो त्याच्याबरोबर. जेट्टी आली, बापाची होडी आली, होडीत मी सात वर्षांचा, पाण्यात पाय सोडून बसलेला. (हा माझा जुना आजार. ऑफिसातही झटका येतो.)

"अहो, तुम्ही पुतळामावशींचे मिस्टर ना?"

बघतो तर पाटीभोवती सात-आठ बायका. अर्ध्या तासात पाटी रिकामी.

मी तरंगतच घरी पोचलो. "पुतळा, तुझी नक्कल सोडली, माझ्यासारखा उभा राहिलो, आणि लोकांनी ओळखलं बघ मला."

तिनं मोबाइल पुढे केला. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर तिनं सकाळीच टाकलं होतं:

"आज आमचा मानूस येतोय. गेटवर कोनी तोंड उघडं टाकून आभालाकडं बघत उभा दिसला, तर तोच हाय. वरडनारा कोनी आला तर घेऊ नका, तो दुसराच कोनतरी हाय."